मागचा ब्रेक 'अधिक चांगला' म्हणजे नेमकं काय?

मागच्या व्याख्यानात आपण 'सुधारणा' या शब्दाबद्दल बोललो. त्यावर अमेरिकेतून ऐकणाऱ्या एका श्रोत्याचा प्रश्न आला. त्यांच्याकडे १९६७ ची फोर्ड मस्टँग आहे, व्ही-८ इंजिनाची. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्यांना ड्रम. मागेही डिस्क बसवाव्यात का? तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे कशाला विचारायचं, असं तुम्ही म्हणाल. पण याचं उत्तर चुकलं तर गाडी भर रस्त्यात गिरकी घेते. तेव्हा आज तेच बघू.

आधी काळ लक्षात घ्या. १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ, जिच्यापासून मसल कारची लाट आली असं मानतात, तिला ३२५ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं आणि चारही चाकांना ड्रम. कारखान्यांना डिस्क माहीत नव्हती असं नाही. १९६५ च्या कॉर्व्हेटला चारही डिस्क होत्या. पण त्या महाग. शिवाय ड्रममध्ये हॅन्डब्रेक जवळजवळ फुकटात मिळतो.

आता ड्रमचा स्वभाव समजून घेऊ. ड्रम फिरत असतो, आतले ब्रेकशू त्याला टेकतात, आणि फिरणारा ड्रम त्या शूला ओढून स्वतःवरच आणखी घट्ट रुतवतो. म्हणजे तुमच्या पायाच्या जोराचा तो गुणाकार करतो. हीच त्याची खुबी आणि हाच त्याचा दोष! कारण तो घर्षणातल्या घटीचाही गुणाकार करतो. घाट उतरताना शू तापले, घर्षण थोडं कमी झालं, तर ब्रेक बराच कमी होतो. एका बाजूच्या ड्रममध्ये पाणी शिरलं तर गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. डिस्क असा गुणाकार करत नाही. जेवढं दाबाल तेवढंच देते, उघडी असल्यामुळे लवकर थंड होते, लवकर वाळते.

मग प्रश्न मिटला? नाही. आपले श्रोते लिहितात की गाडी 'लवकर थांबावी' म्हणून त्यांना हे करायचं आहे. इथे जरा थांबू या. गाडीला शेवटी ब्रेक थांबवत नाही, टायर आणि रस्ता यांची पकड थांबवते. त्यांचा चांगल्या स्थितीतला ड्रम मागचं चाक जॅम करू शकतो. जो ब्रेक चाक जॅम करू शकतो, त्याच्या जागी अधिक ताकदीचा ब्रेक लावून एकदाच करकचून थांबताना काय मिळणार? जवळजवळ काही नाही. मिळेल ते दहाव्यांदा थांबताना, उतारावर, पावसात. आमच्या विषयात 'अधिक चांगलं' हे वाक्य 'कशासाठी' जोडल्याशिवाय पुरं होत नाही, ते असं.

आणि आता धोक्याची गोष्ट. एसटीत उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो. गाडीचंही तसंच, वजन पुढच्या चाकांवर जातं. हिशोब करून बघा. मस्टँगच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १०८ इंच. समजा तिचा गुरुत्वमध्य २१ इंच उंचीवर आहे, उभ्या गाडीचं ५५ टक्के वजन पुढे आहे, आणि तुम्ही गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट जोराने वेग कमी करता आहात. मग पुढे सुमारे ६९ टक्के येतं आणि मागे उरतं ३१. जितकं जोरात थांबाल तितकं मागचं चाक हलकं, आणि हलकं चाक लवकर जॅम होतं. पुढची चाकं आधी जॅम झाली तर गाडी वळत नाही, पण सरळ घसरते. मागची आधी जॅम झाली तर त्यांची आडवी पकड जाते आणि शेपूट पुढे यायला बघते.

म्हणून मागच्या ब्रेकला जाणारा दाब एका मर्यादेनंतर कमी प्रमाणात वाढवणारा एक वाल्व्ह असतो, प्रपोर्शनिंग वाल्व्ह. कारखान्याने तो मागच्या ड्रमच्या हिशोबाने जुळवलेला. ड्रम काढून डिस्क लावली की गुणाकार गेला, तेवढ्याच दाबात मागचा ब्रेक मिळमिळीत होतो. मग कोणी तरी तो वाल्व्हच काढून टाकतो, आणि जोरात थांबताना मागची चाकं आधी जॅम होतात. जुन्याच्या जागी स्क्रूने जुळवता येणारा वाल्व्ह घालावा. जुना ठेवून त्याच्यापुढे दुसरा नको.

बाकीचं थोडक्यात. ड्रमच्या लाइनमध्ये चौरस इंचाला सुमारे १० पाउंड दाब धरून ठेवणारा छोटा वाल्व्ह असतो, बहुधा मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी. तो मागच्या लाइनला राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतील आणि तापतील. कॅलिपरला तेल जास्त लागतं, तेव्हा मास्टर सिलिंडर चारही डिस्कना पुरेल असा हवा. बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, आणि शर्यतीचा कॅमशाफ्ट घातलेल्या इंजिनात व्हॅक्यूम कमी असतो. १४ इंची चाकात कॅलिपर मावतो का, ते किट मागवण्याआधी मोजा. हॅन्डब्रेक असलेलंच किट घ्या. काही स्वस्त किटांत तो नसतो, आणि उतारावर नुसत्या गिअरच्या भरवशावर गाडी सोडणं मला तरी मान्य नाही. काढलेले ड्रम मात्र जपून ठेवा. सगळे भाग बदलल्यावर गाडी तीच राहते का, हा वाद दोन हजार वर्षं चालू आहे. तुमच्या गॅरेजमध्ये तो मिटणार नाही.

राहिली चाचणी. रिकामं, मोकळं मैदान, कमी वेग, आणि दूर सुरक्षित उभा राहून चाकं बघणारा एक माणूस. स्क्रू मागचा दाब सर्वांत कमी राहील अशा टोकावरून सुरू करा आणि हळूहळू वाढवा. जोरात दाबल्यावर पुढची चाकं आधी जॅम झाली पाहिजेत, नेहमीच. मागची आधी झाली की स्क्रू परत फिरवा. हे कोरड्या रस्त्यावरच करायचं. ओल्यावर गाडी तितक्या जोराने थांबतच नाही, वजन कमी पुढे जातं, मागचं चाक जड राहतं आणि खोटा दिलासा देतं. डिकीही रिकामी ठेवा, मागच्या सीटवर कोणी नको. मागचं चाक सर्वांत हलकं असतं ते तेव्हा.