जुने व्हिडिओ गेम आणि संग्राहकाची सूची

वस्तू जमविणें आणि वस्तूंचा संग्रह करणें या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांत मोठा भेद आहे. नुसत्या जमविलेल्या वस्तूंचा ढीग होतो. त्यांचीच सूची केली म्हणजे संग्रह होतो. शंकर गणेश दाते यांनीं 1800 ते 1937 या काळांतील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, म्हणून त्या काळांतील कोणतें पुस्तक केव्हां व कोठें छापलें गेलें हें आज आपणांस धुंडाळतां येतें. पुस्तकांच्या बाबतींत हें महत्त्व कोणीहि मान्य करील. परंतु हाच न्याय मुलांच्या व्हिडिओ गेमला लावावा असें म्हटलें तर पुष्कळांना हंसूं येईल. तें हंसूं क्षणभर आवरून या प्रश्नाचा विचार करावा, अशी श्रोत्यांना विनंति आहे.

प्रथम हें यंत्र कोणतें तें पाहूं. जपानमधील निंटेंडो कंपनीनें 15 जुलै 1983 रोजीं 'फॅमिली कॉम्प्युटर' नांवाचें, दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचें एक यंत्र विक्रीस आणलें. 1985 सालीं तेंच यंत्र वेगळ्या आकाराच्या पेटींतून अमेरिकेंत गेलें. यंत्र एक आणि खेळ अनेक, अशी त्याची योजना होती. प्रत्येक खेळ प्लॅस्टिकच्या चपट्या डबींतील चिपांवर कायमचा उमटविलेला असे. आपल्याकडील मुलें या डबीला 'कॅसेट' म्हणत, जरी तींत फीत मुळींच नसे. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा 1985 चा जगप्रसिद्ध खेळ अवघ्या 40 किलोबाइटांत मावला होता. आज मोबाइलवर काढलेलें साधें छायाचित्रहि याच्या कित्येक पट जागा व्यापतें.

हिंदुस्थानांत अशीं यंत्रें मुख्यतः 1990 नंतरच्या दशकांत पोंचलीं. सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीचें 'मेगा ड्राइव्ह' 1995 सालीं शॉ वॉलेस कंपनीच्या द्वारें येथें आलें, तेव्हां त्याची किंमत 18,000 रुपये होती. एवढा खर्च सामान्य गृहस्थाच्या आवांक्याबाहेरचा होता. त्याच्या घरीं आलें तें निंटेंडोच्या जातीचें स्वस्त यंत्र. 'सामुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' हीं त्यांचीं नांवें आज चाळिशीच्या आसपास असलेल्या अनेकांच्या स्मरणांत असतील. यांतील बराचसा माल तैवान व चीन येथील नकलांवर आधारलेला होता.

परदेशांत संग्राहकांसाठीं या खेळांचे संदर्भग्रंथ निघालेले आहेत. खेळाचें नांव, निर्माता, वर्ष, दुर्मिळता आणि बाजारभाव अशी माहिती त्यांत असते. परंतु आपल्या घरच्या माळ्यावरील खोक्यास ते पुरे पडत नाहींत.

पहिली अडचण नांवांची. 'बॅटल सिटी' हा रणगाड्यांचा खेळ नामको कंपनीनें 1985 सालीं जपानांत काढला. विटांच्या भिंती फोडीत शत्रूचे रणगाडे उडवावयाचे आणि आपलें ठाणें राखावयाचें, हा खेळ आपल्याकडील मुलांना तोंडपाठ होता. या यंत्रासाठीं तो अमेरिकेंत विक्रीस आलाच नाहीं. सबब अमेरिकन खेळांच्या यादींत तो शोधणारास तो सांपडत नाहीं.

दुसरी अडचण बांधणीची. जपानी पद्धतीच्या कॅसेटला 60 पिना असतात, अमेरिकन पद्धतीच्या कॅसेटला 72. आपल्याकडील नकला बहुधा जपानी पद्धतीच्या असल्यामुळें अमेरिकन पुस्तक पाहून मागविलेली कॅसेट यंत्रांत बसतच नाहीं.

तिसरी अडचण दूरचित्रवाणीची. जपान व अमेरिका येथील जुन्या पद्धतींत चित्र सेकंदास सुमारें 60 वेळां रेखाटलें जाई, आपल्याकडे 50 वेळां. खेळाची गति चित्राच्या गतीवर अवलंबून असल्यामुळें तिकडील खेळ इकडे सुमारें एकषष्ठांशानें मंद चालत असे. म्हणजे एकच खेळ दोन देशांतील मुलांनीं वेगवेगळ्या चालीनें खेळला.

यावरून आपल्या सूचींत काय असावें तें ठरवितां येईल. डबीवरील चिठ्ठीचें नांव आणि पडद्यावर उमटणारें नांव हीं दोन्ही लिहावीं, कारण तीं पुष्कळदां जुळत नाहींत. चिठ्ठीवर 'लाखों खेळ एकांत' असा डौल असला तरी यादी पुढें पुढें नेल्यास तेच पांचपंचवीस खेळ, आरंभाची पायरी बदलून, पुनः पुनः येतात. म्हणून खरी संख्या मोजून लिहावी. डबी उघडतां आल्यास आंत पाहावें. अस्सल कॅसेटमध्यें बहुधा छापील क्रमांकाच्या चिपा दिसतात, स्वस्त नकलेंत काळ्या राळेचा एक ठिपका. खेळाला बंदूक लागत असेल तर तेंहि नोंदवावें. घोडा दाबतांच पडदा क्षणभर काळा होऊन लक्ष्याच्या जागीं पांढरा चौकोन चमकतो, आणि तो उजेड बंदुकींतील डोळा टिपतो. हा मेळ जुन्या कांचेच्या नळीच्या संचावरच बसतो. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित् उशिरा उमटत असल्यानें नेम फुकट जातो.

शेवटीं, आणि सर्वांत महत्त्वाचें, वस्तु घरीं कशी आली तें लिहावें. समजा, बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यांत, परळी-विकाराबाद लोहमार्गावरील घाटनांदूर गांवीं एका घरीं असें यंत्र निघालें. तें परळीच्या दुकानांतून घेतलें, कीं लातूरच्या, कीं हैदराबादेहून रेल्वेनें आलेल्या पाहुण्यानें आणलें? किंमत काय पडली? संचासमोर गल्लींतील किती मुलें बसत? त्यांनीं त्या खेळांना आपलीं कोणतीं नांवें ठेविलीं? हीं उत्तरें कोणत्याहि परदेशी ग्रंथांत नाहींत व पुढेंहि असणार नाहींत. तीं घरांतील माणसांनाच ठाऊक आहेत.

येथें कोणी विचारील, या जुन्या डब्याला मोल तरी काय येणार? जुलै 2021 मध्यें अमेरिकेंत 'सुपर मारिओ 64' या खेळाची न उघडलेली प्रत लिलांवांत 15 लक्ष 60 हजार डॉलरांस गेली, हें खरें. पण तो भाव सीलबंद प्रतीचा. आपल्याकडील कॅसेटी मुलांच्या हातीं झिजल्या, आणि त्यांचें खरें मोल त्या झिजेंतच आहे. मोटार व जात्यांतील गहूं यांच्यापलीकडे ज्या घरानें यंत्र पाहिलें नव्हतें, तेथील मुलाच्या आज्ञेनें चालणारें पहिलें संगणकयंत्र बहुधा हेंच होतें. 'बॅटल सिटी'मध्यें तर स्वतःचें रणांगण विटेवर वीट मांडून रचण्याची सोय होती.

हें सारें आपोआप टिकेल अशा भ्रमांत राहूं नये. 2023 सालीं अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन व सॉफ्टवेअर प्रिझर्वेशन नेटवर्क या संस्थांनीं केलेल्या पाहणींत, त्या देशांत 2010 पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा 87 खेळ बाजारांत मिळेनासे झाल्याचें आढळलें. जेथें संग्रहालयें व संदर्भग्रंथ आहेत तेथें ही स्थिति. आपल्याकडे तर असलीं यंत्रें दिवाळीच्या साफसफाईंत मुकाट्यानें भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातात.

म्हणून यंदा माळा झाडतांना असें खोकें हातीं आलें तर तें देण्यापूर्वीं अर्धा तास काढावा. एका वहींत वरील नोंदी कराव्या, डबीच्या दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें, आणि जो मुलगा वा मुलगी त्या यंत्राशीं खेळली तिलाच सर्व हकीकत सांगावयास लावावी. यंत्र पुढें ठेवावें कीं द्यावें, हें नंतर ठरवितां येईल.