परसातले कासव

अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांत उन्हाळी पावसाची सर येऊन गेली, की ओल्या पालापाचोळ्यातून एक कासव संथपणे बाहेर पडते. वितीहून थोडा लहान देह, घुमटासारखी उंच तपकिरी पाठ आणि तिच्यावर पिवळ्या-नारिंगी रेघांची नक्षी. तिकडे त्याला 'बॉक्स टर्टल' म्हणतात. त्याच्या पोटाकडील कवचाला बिजागरीसारखा सांधा असतो. त्यामुळे भय वाटताच डोके, पाय आणि शेपूट आत ओढून डबीला झाकण लावावे तसे ते स्वतःला पुरते मिटून घेते. गीतेत स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे. ती या परदेशी कासवाला सर्वांत चपखल लागू पडावी!

न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनिया या राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या परसातही ते अधूनमधून दिसते, आणि 'आपण हे पाळू या' हा मुलांचा हट्ट ओघानेच येतो. या हट्टाला होकार देण्यापूर्वी दोन जीवांचा विचार करावा लागतो: एक कासवाचा आणि दुसरा घरातल्या सर्वांत लहान मुलाचा.

रानातले कासव उचलून आणू नये, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ल्युसिल स्टिकेल या संशोधिकेने 1944 पासून मेरीलँडमधील पटक्सेंटच्या अरण्यात या कासवांचा दीर्घकाळ अभ्यास केला. प्रौढ कासव वर्षानुवर्षे साधारण 100 मीटर व्यासाच्या टापूतच वावरते, असे त्यांना आढळले. तेथील पाणवठा, फळझुडपे आणि हिवाळ्यातील दडण्याच्या जागा त्याला पाठ असतात. दूर नेऊन सोडलेले कासव पुष्कळदा आपल्या जुन्या जागेच्या शोधात भटकत राहते आणि वाटेत मोटारीखाली सापडते. मादी एका वेळी जेमतेम चार-पाच अंडी घालते आणि त्यांतून प्रौढपणापर्यंत फारच थोडी पिल्ले पोहोचतात. त्यामुळे एखादी प्रौढ मादी उचलून नेली, तरी तेथील वंशाची मोठी हानी होते. अनेक राज्यांत असे कासव पकडणे, विकणे वा विनापरवाना बाळगणे बेकायदा आहे. पाळायचेच असेल, तर आपल्या राज्याच्या वन्यजीव विभागाचा नियम पाहून, मूळ मालकाला सांभाळता न आलेले कासव प्राणी-आश्रयगृहातून घ्यावे.

आता त्याच्या घराविषयी. काचेची टाकी, तळाशी रंगीत खडे आणि मधोमध प्लास्टिकचे झाड, हे कासवाचे घर नव्हे. पारदर्शक भिंत त्याला कळत नाही. ते दिवसभर काचेवर पाय घासत राहते. हवामान मानवत असेल, तर परसातील कुंपण घातलेला वाफा सर्वांत उत्तम. एका प्रौढ कासवासाठी निदान चार फूट रुंद आणि आठ फूट लांब जागा असावी. कासव उत्तम खणते आणि अनपेक्षित चपळाईने चढते. म्हणून कुंपणाच्या फळ्या जमिनीत काही इंच खोल गाडाव्यात आणि वरची कड आतल्या बाजूला वळलेली ठेवावी. रात्री रकून येत असतील, तर वर जाळी हवीच. वाफ्याचा काही भाग उन्हात, काही झुडपांच्या सावलीत, तळाशी भुसभुशीत माती आणि तिच्यावर पानांचा जाड थर, एवढे असले की त्याला हवे तेव्हा तापता येते आणि हवे तेव्हा पुरून घेता येते. हा प्राणी आपले तापमान जागा बदलूनच राखतो. निवडीला जागा न ठेवणे म्हणजे त्याला आजारी पाडणे होय.

घरातच ठेवणे भाग पडले, तर उन्हाची जागा दिव्यांनी घ्यावी लागते. दिव्याखालची जागा सुमारे 30 अंश सेल्सिअस आणि दुसरे टोक 22 ते 24 अंश असावे. त्याशिवाय अतिनील-ब किरण देणारा वेगळा दिवा दिवसाचे दहा-बारा तास हवा. या किरणांवाचून ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडते. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन येथे कामाचे नाही, कारण काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. शिवाय दिवा डोळ्यांना उजळ दिसला, तरी त्याची ही शक्ती काही महिन्यांत क्षीण होते. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत तो बदलावा. माती हाताला सदैव दमट लागावी. पाण्याचे पात्र पसरट आणि इतके उथळ असावे की कासवाची हनुवटी पाण्याबाहेर राहील, कारण हे कासव पट्टीचे पोहणारे नाही.

शाकाहारी घरांची येथे थोडी अडचण होते! गांडुळे, गोगलगायी, किडे हा त्याच्या आहाराचा मोठा भाग आहे. जोडीला बेरी, अळंबी, भोपळा, गाजर आणि गर्द हिरवी पाने द्यावीत. नुसत्या सॅलडच्या पानांवर ठेवलेल्या कासवाला अ जीवनसत्त्वाची उणीव भासते. पापण्या सुजतात, कानापाशी गाठ येते. अशा वेळी घरगुती उपाय न करता सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठावा. हिवाळी झोपेचा निर्णयही त्याच्याच सल्ल्याने घ्यावा. अशक्त कासव त्या झोपेतून उठत नाही.

आता घरातील माणसांकडे वळू. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतूनही साल्मोनेला जिवाणू बाहेर पडतात आणि कवच, माती, पाणी या सर्वांवर पसरतात. लहान मुले कासव तोंडाला लावतात आणि आजारी पडतात, हे लक्षात आल्यावर 4 इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर अमेरिकेत 1975 मध्ये बंदी आली. मोठे कासवही याबाबत निर्धोक नाही. ताप, जुलाब, पोटात कळा ही नेहमीची लक्षणे. तान्ह्या मुलांत आणि वृद्धांत मात्र हा संसर्ग रक्तात शिरू शकतो. म्हणून पाच वर्षांखालील मूल, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती मंदावलेली व्यक्ती घरात असेल, तर कासव आणूच नये. इतर घरांत प्रत्येक स्पर्शानंतर साबणाने हात धुवावेत, आणि कासवाची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत कधीही धुऊ नयेत.

भारतातील वाचकांसाठी स्वतंत्र सूचना. आपल्याकडील देशी कासवे, विशेषतः पाठीवर चांदण्या असलेले स्टार कासव, घरात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. भरभराटीसाठी कासव हवेच असेल, तर पितळेचे ठेवावे. त्याला दिवाही लागत नाही.

बॉक्स टर्टल पन्नास वर्षे सहज जगू शकते. दहा वर्षांच्या मुलाने आणलेले कासव त्याच्या साठीपर्यंत सोबत करील. मधल्या काळात ते मूल शिक्षणासाठी दुसऱ्या गावी जाईल, नोकरीसाठी घरे बदलेल, आणि वाफा बहुधा आईवडिलांच्याच गळ्यात पडेल. त्यांची तयारी आहे का, हे कासव आणण्याच्या दिवशीच विचारलेले बरे.

आणि रस्ता ओलांडताना ते दिसलेच, तर वाहने थांबली असल्याची खात्री करून दोन्ही हातांनी उचलावे आणि ज्या दिशेला त्याचे तोंड होते, त्याच बाजूच्या गवतात ठेवावे. मग घरी येऊन हात धुवावेत.