फोटोत नसलेला माणूस फोटोत आणताना

मागच्या व्याख्यानात आपण एखादी आकृती बॅकग्राउंडपासून सुटी कशी करायची, केसांच्या कडा कशा सांभाळायच्या ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "कटिंग अगदी स्वच्छ झालंय, तरी माणूस चिकटवल्यासारखा का दिसतो?" आज तेवढाच विषय घेऊ.

उत्तर आधीच सांगून टाकतो. चूक बहुतेक वेळा कडेला नसतेच. ती कॅमेऱ्याच्या उंचीत असते, उजेडात असते, नाहीतर पायाखाली असते. आपण मात्र तासन् तास कडाच घासत बसतो. आम्हीही बसलो होतो. तीच गोष्ट आधी सांगतो.

आमच्या छोट्या स्टुडिओत एक मुलगी आली. नुकतंच लग्न झालेलं. लग्नाच्या आठ महिने आधी वडील गेले होते. मंगल कार्यालयात काढलेल्या घरच्यांच्या ग्रुप फोटोत वडील हवेत, एवढंच तिचं म्हणणं. सोबत वडिलांचा घराच्या ओट्यावर उभा असलेला एक छान फोटो होता. आम्ही दोन दिवस खपून तो कापला, बसवला आणि दाखवला. मुलीला आवडला. तिच्या आईने मात्र चष्मा पुसून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "यांचा खिसा उजवीकडे कधीपासून आला?"

झालं होतं असं की कार्यालयातला उजेड डावीकडून होता आणि ओट्यावरचा उजवीकडून. तो जुळावा म्हणून आम्ही वडिलांना आरशासारखं उलटं केलं होतं. त्यामुळे शर्टाचा खिसा, मनगटावरचं घड्याळ, केसांचा भांग, सगळंच पलटलं. आई पुढे म्हणाल्या, "आणि हे उभे नाहीत, तरंगताहेत." दोन वाक्यांत दोन दिवसांचं काम बाद! पण त्या बरोबर होत्या. आपला चेहरा आपण आरशात पाहतो, घरचे मात्र तो समोरून पाहतात. पस्तीस वर्षं समोर पाहिलेला चेहरा पलटला, तर काय खटकतंय हे कदाचित सांगता येणार नाही, पण खटकतं नक्की.

फोटो निवडणं हेच अर्धं काम

आम्ही त्यांना घरातले सगळे जुने फोटो आणायला सांगितले आणि सॉफ्टवेअर न उघडता नुसते बघत बसलो. बघायच्या गोष्टी दोन.

पहिली, कॅमेऱ्याची उंची. सपाट जमिनीवर कॅमेरा चार फुटांवर असेल, तर क्षितिजाची रेषा त्या जमिनीवरच्या प्रत्येक माणसाला चार फुटांवरच छेदते, मग माणूस जवळ असो की लांब. कार्यालयात क्षितिज कुठून दिसणार? फरशीच्या रेषा मागे वाढवत न्या. खोलीत मागे जाणाऱ्या समांतर रेषा जिथे एकत्र येतात, त्या बिंदूतून आडवी रेघ मारा. तीच तुमची रेषा. आमच्या ग्रुप फोटोत ती सगळ्यांच्या छातीवरून जात होती. म्हणजे वडिलांचा फोटोही साधारण छातीच्या उंचीवरूनच काढलेला हवा. ओट्यावरचा फोटो कुणीतरी अंगणातून, खालून वर काढला होता. हनुवटीची खालची बाजू दिसत होती. तो माणूस या फरशीवर कधीच उभा राहिला नसता.

हीच रेषा आकारालाही उपयोगी पडते. पाय फरशीवर जिथे ठेवायचे तिथे ठेवा, आणि रेषा त्याच्या छातीवर येईपर्यंत आकृती लहान-मोठी करा. अंदाजाची गरज उरत नाही. उंचीत थोडा फरक असेल तर रेषा थोडी खांद्याकडे किंवा पोटाकडे सरकवा.

दुसरी गोष्ट, उजेड. नाकाची सावली कुठल्या गालावर पडते, हनुवटीखालची सावली धारदार आहे की मऊ, डोळ्यांत चमक कुठे आहे, ते बघा. उन्हातली सावली कडक असते, ढगाळ दिवसाची किंवा छत्रीवाल्या फ्लॅशची मऊ. रंग नंतर बदलता येतो. चेहऱ्यावरची कडक सावली मऊ करणं फार अवघड.

शेवटी एका नातेवाइकाच्या मुंजीतला फोटो सापडला. उजेड डावीकडून, मऊ, कॅमेरा छातीला. वडील थोडे बारीक दिसत होते, कपडे साधे होते. आई म्हणाल्या, "चालेल. हे असेच होते."

आधी काळं-पांढरं, मग रंग

आकृती बसवली की थेट रंगांना हात लावू नका. वर एक लेयर टाकून फोटो तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट करा. आता शेजारच्या माणसाचे केस आणि आपल्या माणसाचे केस ताडून बघा. दोन्ही काळे सारखेच काळे आहेत का? पांढरा सदरा शेजारच्या पांढऱ्यापेक्षा जास्त उजळ आहे का? कर्व्ह्ज वापरून हे दोन्ही टोकं जुळवा. माणूस मागच्या रांगेत असेल, तर ताडायचं तेही मागच्याच रांगेशी.

मग रंग. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल एकेक करून उघडा. प्रत्येकात तो करड्या रंगाचा फोटोच दिसतो. ज्या चॅनेलमध्ये माणूस उठून दिसेल, त्याच चॅनेलचा कर्व्ह हलवा. दुपारच्या उन्हाचा रंग साधारण 5500 केल्विन, तर कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांचा 3000 च्या आसपास. डोळा या फरकाला सरावतो, चॅनेल सरावत नाही.

एक गोष्ट हमखास राहते. कार्यालयात लाल गालिचा होता. त्याचा लालसर उजेड सगळ्यांच्या कपड्यांच्या खालच्या भागावर चढलेला. वडिलांचा पायजमा मात्र शुभ्र! त्याच्या खालच्या भागावर अगदी फिकट लाल रंगाचा ब्रश फिरवला, तेव्हा तो त्या जागेचा झाला.

पायाखालची सावली

आता "तरंगताहेत" याकडे येऊ. सॉफ्टवेअरमधली तयार ड्रॉप शॅडो इथे वापरू नका. ती मागे भिंत असल्यासारखी सावली टाकते. माणसाची सावली फरशीवर पडते आणि तिचे दोन भाग असतात. एक, चपलेच्या तळाला अगदी चिकटून असलेली बारीक, गडद रेघ. तिथे उजेड शिरतच नाही. ही रेघ नसली की माणूस हवेत जातो. दुसरा भाग लांब पडलेली सावली. ती पायाशी गडद आणि स्पष्ट, पुढे जाईल तशी फिकट आणि धूसर.

दोन्हींसाठी वेगळे लेयर घ्या, मोड मल्टिप्लाय ठेवा आणि शुद्ध काळा वापरू नका. शेजाऱ्याच्या सावलीतूनच रंग उचला. बाहेर उन्हात ती सावली निळसर निघेल, कारण तिथे फक्त आकाशाचा उजेड पोचतो.

दिशा तपासायची तर सावलीतला एक बिंदू आणि तो ज्या वस्तूचा आहे तो बिंदू जोडून रेघ मारा. डोक्याच्या सावलीपासून डोक्यापर्यंत, बोटाच्या सावलीपासून बोटापर्यंत. दिवा एकच असेल तर अशा सगळ्या रेघा वाढवल्यावर एकाच बिंदूत मिळायला हव्यात. खोटे फोटो पकडणारे तज्ज्ञ हीच परीक्षा घेतात.

आणि जमलं तर माणसाला कुणाच्या तरी किंचित मागे उभा करा. आम्ही नातवाचं डोकं वडिलांच्या कोपरासमोर आणलं. झाकला गेलेला माणूस गर्दीतला वाटतो. सगळ्यांच्या पुढे अख्खा उभा केलेला चिकटवलेला वाटतो.

कडा आणि दाणे सगळ्यात शेवटी

आता कडा. मास्क एक-दोन पिक्सेल आत घ्या, म्हणजे जुन्या बॅकग्राउंडची किनार जाईल. कडेचा मऊपणा शेजारच्या माणसाच्या खांद्याइतकाच ठेवा, जास्त नको. मग फोटो शंभर टक्के मोठा करून दाणे बघा. जुन्या प्रिंटचे दाणे एका प्रकारचे, मोबाइलच्या फोटोचा गुळगुळीतपणा दुसऱ्या प्रकारचा. जास्त स्पष्ट असेल त्याला थोडा ब्लर द्या, मग थोडा नॉइज. छोटा फोटो किती ताणता येईल याचा हिशोबही ठेवा: 3.5 बाय 4.5 सेंटिमीटरचा पासपोर्ट फोटो 600 डीपीआयला स्कॅन केला तर साधारण 827 बाय 1063 पिक्सेल मिळतात. ग्रुप फोटोतल्या एका चेहऱ्याला ते पुरतात, भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमला नाही.

जमलं, तर पुढे काय?

हे काम आजचं नाही. ऑस्कर रेयलँडर यांनी 1857 मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक चित्र केलं होतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जनरल ग्रँट यांचा सिटी पॉइंट इथला म्हणून ओळखला जाणारा, घोड्यावर बसलेला एक फोटो आहे. तो तीन फोटोंचा मिळून झालाय: डोकं ग्रँट यांचं, घोडा आणि धड दुसऱ्याच जनरलचं, मागची छावणी युद्धकैद्यांची. 1902 च्या सुमाराचं हे जोडकाम. इतकी वर्षं लोटल्यावर ते उलगडायला अभ्यासकांना बारकाईने शोध घ्यावा लागला.

आपल्या घरातही हेच होऊ शकतं. तीस वर्षांनी एखादा नातू अल्बम उघडेल आणि म्हणेल, पणजोबा लग्नाला होते. ते नव्हते. ते नसतानाही लग्न पार पडलं, हेही त्या घराचंच खरं आहे. म्हणून आम्ही मूळ फोटो आणि जोडलेला फोटो अशा दोन्ही प्रिंट देतो. जोडलेल्या प्रिंटच्या मागे पेन्सिलीने "जोडलेला फोटो" असं लिहितो, दोन्ही फोटोंच्या तारखांसह. फाइलच्या नावातही तेच. ओळखपत्र, विमा, कोर्ट यांसाठी असं काम आम्ही घेत नाही.

आईंनी दुसऱ्यांदा फोटो पाहिला तेव्हा बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मागची बाजू उलटून वाचली आणि मुलीला म्हणाल्या, "तारीख बरोबर आहे. दोन्ही फ्रेम करू."

पुढच्या वेळेपर्यंत एवढं करून बघा. घरातला कुठलाही ग्रुप फोटो घ्या, कागदावर छापा, पट्टी-पेन्सिलीने क्षितिजाची रेषा काढा आणि ती कुणाच्या कुठून जाते ते पाहा. काँप्युटर लागणार नाही. प्रश्न असतील तर लिहून ठेवा, पुढच्या व्याख्यानाची सुरुवात त्यांच्यापासूनच करू.