पेठेचा संघ, तालमीचा फुटबॉल

पोलादपूर तालुक्यातील उमरठपासून महाडपर्यंतच्या डोंगराळ मुलखात गावाचा संघ म्हणजे कबड्डीचा संघ असे समीकरण कित्येक पिढ्यांपासून रुजलेले आहे. बहुतेक संघ ग्रामदैवताचे नाव लावतात, त्यांचा खर्च गावकी आणि नोकरीनिमित्त मुंबईत राहणारे ग्रामस्थ वर्गणीतून उचलतात आणि होळीला किंवा मे महिन्यात गावी आलेला चाकरमानी त्याच संघातून मैदानात उतरतो. खेळाडू, प्रेक्षक आणि आश्रयदाता एकाच वस्तीतले असण्याचा हा बंध फुटबॉलच्या बाबतीत महाराष्ट्रात कुठे पाहायचा, तर त्यासाठी सह्याद्रीच्या पलीकडे, कोल्हापूरच्या पेठांत जावे लागते.

कोल्हापुरातील पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या नामवंत फुटबॉल संघांच्या नावांपुढे ‘तालीम मंडळ’ ही जोड दिसते आणि तीच या खेळाच्या घडणीची खूण आहे. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा: तांबड्या मातीचा आखाडा, भिंतीतला मारुती आणि वस्तादाच्या नजरेखाली जोर-बैठका काढणारी पेठेतली पोरे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत कुस्तीला जो राजाश्रय दिला, त्याने तालमींना प्रतिष्ठा मिळाली. मात्र तालीम कधीच केवळ व्यायामशाळा नव्हती. पेठेतले तंटे तिथे मिटत, गणेशोत्सव तिथेच ठरत आणि कोणाच्या घरी लग्न किंवा मयत झाले तरी माणसे तिथूनच निघत. त्यामुळे संस्थानकाळात फुटबॉल शहरात आला, तेव्हा त्याला नवी संस्था शोधावी लागली नाही. वर्गणी गोळा करणारे हात, मुलांवर वचक असणारी वडीलधारी मंडळी आणि शेजारच्या पेठेशी असलेली ईर्षा ही सारी सामग्री तयार होती, आणि कुस्तीच्या शिस्तीत वाढलेल्या मुलांनी चेंडू आपलासा केला.

या खेळाचा कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली ‘केएसए’, पाहते. पावसाळा सरल्यावर हंगामासाठी खेळाडूंची नोंदणी होते, कोणता खेळाडू कोणत्या तालमीकडून खेळणार याची चर्चा चहाच्या गाड्यांवर रंगते आणि मग राजर्षी शाहू स्टेडियमवर लीगचे सामने व त्यापाठोपाठ निरनिराळ्या चषकांच्या स्पर्धा पुढचा पावसाळा जवळ येईपर्यंत चालतात. मोठ्या सामन्याच्या दिवशी प्रत्येक पेठ गॅलरीतल्या आपापल्या जागी झेंडे घेऊन बसते. विशेष उल्लेख करावा अशी एक प्रथा म्हणजे ‘सामनावीर’ निवडतानाच प्रतिस्पर्धी संघातल्या चिवट खेळाडूला ‘लढवय्या’ म्हणून गौरवण्याची. हरलेल्या पेठेला मान खाली घालून घरी जाऊ न देणारी ही रीत तालमीच्या संस्काराला शोभणारी आहे. भारतात २०१७ साली झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा, ही गोष्ट कोल्हापूरकर अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान सार्थ आहे.

वस्तीचा संघ हीच क्लबची नैसर्गिक ओळख असते असे मात्र गृहीत धरता येत नाही, हे मॉरिशसच्या उदाहरणावरून दिसते. हिंदी महासागरातील या आफ्रिकी बेटावर १८३४ पासून गिरमिटिये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कराराने बांधलेले मजूर, उसाच्या मळ्यांसाठी नेले गेले आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणी-मराठी लोकही होते, ज्यांचे वंशज आजही तिथे गणेशोत्सव साजरा करतात. तिथले जुने फुटबॉल क्लब वस्तीवर नव्हे, तर समाजावर उभे होते. ‘हिंदू कॅडेट्स’, ‘मुस्लिम स्काउट्स’, ‘तमिळ कॅडेट्स’ ही नावेच त्याची साक्ष देतात. पुढे नावांतील धर्म गळाला, पण पाठीराखे तेच राहिले. मे १९९९ मध्ये स्काउट्स आणि फायर ब्रिगेड या संघांच्या निर्णायक सामन्यानंतर दंगल उसळली, पोर्ट लुईमधील एका जुगारगृहाला लावलेल्या आगीत सात जणांचा बळी गेला आणि लीग थांबवावी लागली. त्यानंतर शासनाने क्लबांची पुनर्रचना प्रदेशवार करून शहर, जिल्हा व उपनगर यांच्या नावाने नवे संघ उभे केले. हिंसा आटोक्यात आली, परंतु पूर्वी ओसंडून वाहणाऱ्या गॅलऱ्या ओस पडल्या, कारण आदेशाने क्लब स्थापता येतो, त्याच्यामागची माणसे मात्र आधीपासून एकत्र नांदलेली असावी लागतात.

कोल्हापूरच्या तालमींचे मोल इथे कळते. बाबूजमाल तालमीत गणपती बसतो आणि मोहरमचा पंजाही बसतो, आणि चांद्र पंचांगामुळे दोन्ही सण एकत्र येतात तेव्हा दोन्हींची प्रतिष्ठापना एकाच छताखाली होते; शहरातील इतरही तालमींत पंजे बसतात. अशा ठिकाणाहून घडणाऱ्या संघाची ईर्षा तीव्र असली तरी ती पेठेपेठेतली राहते, धर्माधर्मांतली होत नाही. ती निरुपद्रवी असते असे नव्हे. गॅलरीतली हुल्लडबाजी, दगडफेक आणि त्यापायी रोखले गेलेले सामने हा या खेळाला लागलेला खरा डाग आहे, आणि तो पुसण्याची जबाबदारी पोलिसांवर ढकलून तालमींच्या वडीलधाऱ्यांना मोकळे होता येणार नाही, कारण ज्या पोरांना त्यांनी मैदान दिले त्यांना आवरण्याचा अधिकारही त्यांचाच आहे.

अलीकडच्या वर्षांत या बंधाला वेगळ्याच बाजूने ताण बसू लागला आहे. चषकांची बक्षिसे वाढली तशी बाहेरगावचे आणि नायजेरियासारख्या आफ्रिकी देशांतले खेळाडू मानधनावर आणण्याची चढाओढ लागली. या पाहुण्यांना पेठेने प्रेमाने स्वीकारले, त्यांच्या नावाचा जयघोष केला आणि त्यांच्या वेगामुळे स्थानिक खेळ सुधारलाही. पण मानधनाची रक्कम अखेर वर्गणीतून आणि राजकीय देणगीदारांकडून उभी राहते, आणि संघातली प्रत्येक विकत घेतलेली जागा ही तालमीच्या दारात चेंडू घेऊन उभ्या असलेल्या एखाद्या मुलाची जागा असते. बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालायची की नाही आणि किती, हा वाद म्हणूनच कोल्हापुरात नियमाचा न राहता पेठेच्या मालकीचा वाद होतो.