चढणीबरोबर बदलणारं ताट

संध्याकाळी सुखना तलावाच्या बंधाऱ्यावर फिरायला आलेले चंडीगडकर पाहुण्याला ईशान्येकडचा डोंगर दाखवतात. अंधार पडला की त्याच्या माथ्यावर दिव्यांची एक ओळ लुकलुकते. ‘वो कसौली.’ सरळ रेषेत हे अंतर पंचवीस किलोमीटरही नाही. रस्त्यानं मात्र साठ भरतं, कारण चंडीगड समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटरवर आहे आणि कसौली सुमारे १,९०० मीटरवर. घाईतला माणूस ही चढण दोन तासांत संपवतो आणि पुढे सिमल्याला जातो. पण पोट रिकामं ठेवून निघालेल्याला इथे पूर्ण दिवस कमी पडतो. जसजशी उंची वाढते तसतसं ताटातलं आणि पेल्यातलं बदलत जातं.

सुरुवात चंडीगडलाच करावी. १९५०च्या दशकात ल कार्बुझिए, पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी आखलेलं हे शहर सेक्टरांत मोजलं जातं. एक सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद आणि १,२०० मीटर लांब. प्रत्येकात शाळा, बाग आणि बाजाराची एक पट्टी. इथे दुकानाला दुकान म्हणत नाहीत, ‘बूथ’ किंवा ‘एससीओ’ (शॉप-कम-ऑफिस) म्हणतात. खाण्याचा पत्ताही असाच सांगतात : अमुक सेक्टर, तमुक एससीओ. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या कुटुंबांची चव या आखीव चौकटीत येऊन बसली. सेक्टर २८ मधल्या पाल ढाब्यासारखी ठिकाणं नावाला ढाबा असली, तरी उभी आहेत ती कार्बुझिएच्या नकाशावर. सकाळच्या गाडीनं उतरला असाल तर छोले-कुलचा आणि लस्सी घ्या, पण अर्धपोटीच उठा. अख्खा घाट बाकी आहे.

मध्य मार्गानं पंचकुला ओलांडलं की हरियाणा लागतो आणि विसाव्या-बाविसाव्या किलोमीटरला पिंजोर. इथली मुघल बाग औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान कोका यानं सतराव्या शतकात घातली. लाहोरच्या बादशाही मशिदीचं काम पाहणारा तो हाच. बागेचे सात टप्पे आहेत, पण इतर मुघल बागांसारखे वर चढत जाणारे नाहीत, प्रवेशापासून खाली उतरत जाणारे. पुढे ती पतियाळाच्या राजघराण्याकडे गेली आणि त्या घराण्यातल्या यादवींद्र सिंहांवरून तिचं आजचं नाव पडलं, यादवींद्र गार्डन. जुलैत इथे आंब्यांचा मेळा भरतो. हापूसच्या अभिमानात वाढलेल्या आपल्या मंडळींनी दशहरी, लंगडा आणि चौसा एकदा शांतपणे चाखून बघायला हरकत नाही.

या बागेची एक दंतकथा आहे. नवाबाचा, म्हणजे फिदाई खानाचा, मुक्काम नकोसा झालेल्या इथल्या राजानं म्हणे गलगंड झालेल्या बायका जनानखान्यात पाठवल्या. इथल्या हवापाण्यानं मान अशीच सुजते, असं त्यांनी बेगमांना सांगितलं आणि नवाबानं गाशा गुंडाळला. कथा खरी-खोटी कशीही असो, गलगंड खरा होता. हिमालयाच्या पायथ्याच्या मातीतलं आयोडीन पावसानं धुपून जातं, त्यामुळे या पट्ट्यात हा आजार घरोघरी असे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आज हिमाचलात असलेल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ वाटून गलगंड हटतो हे दाखवून दिलं. १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आलेल्या त्या निबंधाच्या लेखकांत देव आणि करमरकर ही दोन मराठी आडनावं आहेत. आज आपण डोळे झाकून वाटीत घालतो त्या मिठाची वाट या डोंगरांतून आलेली आहे.

कालका मागे टाकलं की परवाणू, म्हणजे हिमाचल सुरू. सकाळपासून तुम्ही एक केंद्रशासित प्रदेश आणि दोन राज्यं पाहिलीत. परवाणू दिसायला कारखान्यांचं गाव आहे, पण यातला एक कारखाना आपल्या कामाचा. हिमाचल सरकारनं १९७४ साली स्थापन केलेल्या फलोत्पादन महामंडळाचा, म्हणजे एचपीएमसीचा, फळप्रक्रिया प्रकल्प इथे आहे. गारपिटीनं डागाळलेलं, आकारानं लहान, पेटीत न बसणारं सफरचंद अशा प्रकल्पांत येतं आणि त्याच्या रसाचा अर्क होतो. हिमाचलभर एचपीएमसीच्या टपऱ्यांवर जो सफरचंदाचा रस मिळतो, तो हाच. थंड नको म्हणून सांगा, चव अधिक कळते.

इथून पुढे घाट. महामार्ग आता चौपदरी झालाय आणि त्यासाठी डोंगर उभे कापले आहेत. २०२३च्या पावसाळ्यात परवाणूजवळ चक्की मोड इथे रस्ताच खचला आणि वाहतूक बंद पडली. रुंद रस्त्यानं वेळ वाचवला, पण वळणावळणावर ‘जरा थांबू या’ म्हणायची सवय मोडली. तरीही सुखी जोहडी आणि धरमपूरनं आपलं खाणं राखलं आहे. धरमपूरचा ‘ज्ञानी दा ढाबा’ लेमन चिकनसाठी प्रसिद्ध. शाकाहारी मंडळींना पराठे, कढी-चावल आणि राजमा आहेच. चंडीगडचा उकाडा मागे पडलेला असतो आणि तोच पराठा, तेच लोणी इथे अचानक पचायला लागतं.

पहाडी खाणं मिळालं तर सोडू नका. ‘सिड्डू’ म्हणजे आंबवलेल्या कणकेत अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरून वाफवलेला गोळा. फोडून त्यावर तुपाची धार सोडतात. सिरमौरकडे ‘अस्कळी’ होते. दगडी साच्याच्या वाट्यांत तांदळाचं पीठ ओतून केलेली ही अस्कळी पाहताच आपल्याला आप्पेपात्र आठवतं. आणि पावसाळ्यात ‘पतरोडू’ : अळूच्या पानांना बेसन लावून केलेली गुंडाळी. आपण तिला अळूवडी म्हणतो, गोवा-कारवारकडचा पत्रोडोही याच घराण्यातला. हिमालय आणि सह्याद्री दोघांनाही धो धो पाऊस आणि रानभर अळू मिळाला. खाजऱ्या पानाचं काय करायचं, याचं उत्तर दोघांनीही पीठ लावलेल्या गुंडाळीतच शोधलं.

या टापूत रस्त्याकडेच्या दुकानांवर ‘फ्रूट वाइन’च्या पाट्या दिसतात : सफरचंद, प्लम, पीच आणि बुरांश. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत वाइन चाखलेल्या मराठी पाहुण्यानं इथे अपेक्षा बदलून घ्यायला हवी. वाइनच्या द्राक्षात मुळातच वीस-बावीस टक्के साखर असते, तिची दारू होते आणि काम भागतं. सफरचंदात साखर याच्या जेमतेम निम्मी. वरून घातली नाही तर फार तर सायडर होईल. प्लम इतका आंबट की गराला पाणी घालून आधी आंबटपणा उतरवावा लागतो आणि मग साखर. बुरांश तर फूलच. मार्च-एप्रिलमध्ये डोंगर लाल करणाऱ्या या फुलाच्या पाकळ्यांत रंग आहे, तुरटपणा आहे, पण साखर जवळपास नाहीच. म्हणून या वाइन बहुधा गोडसर लागतात. पहिला घोट सरबतासारखा वाटतो आणि तिथेच माणूस फसतो, कारण आत दारू आहे.

तरीही त्यांना हसू नये. प्लम आणि पीच झाडावरून उतरल्यावर फार दिवस टिकत नाहीत. अशा फळाचं काय करायचं हा प्रश्न शेतकऱ्याचा आहे. सोलनजवळच्या नौणी इथल्या डॉ. यशवंतसिंह परमार फलोत्पादन विद्यापीठानं, स्थापना १९८५, त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. आपल्याकडे करवंद आणि जांभूळ अजून बऱ्याच ठिकाणी रानातच गळून जातात. इथल्या फळांच्या वाइनमध्ये प्लमची मला सर्वांत प्रामाणिक वाटते. आंबटपणा तिला सांभाळून धरतो. बुरांशचं मात्र सरबतच घ्यावं.

धरमपूरहून सोलनकडे जाताना बडोग लागतं. महामार्गाचा नवा बोगदा तुम्हाला डोंगराखालून नेतो. तो टाळून जुन्या रस्त्यानं स्टेशनवर उतरा. कालका-सिमला ही ९६ किलोमीटरची छोटी रेल्वे १९०३ साली सुरू झाली आणि २००८ साली जागतिक वारसा ठरली. बडोगचा ३३ क्रमांकाचा बोगदा ११४३ मीटर लांब, या मार्गावरचा सर्वांत मोठा. आधीच्या बोगद्याची दोन टोकं जुळली नाहीत, बडोग नावाच्या इंग्रज अभियंत्याला एक रुपया दंड झाला आणि त्यानं स्वतःला संपवलं, अशी गोष्ट इथे सांगतात. पुढची आखणी करायला भलकू नावाच्या पहाडी माणसानं मदत केली, असंही सांगतात. गाड्या इथे न्याहारीला थांबत आल्या आहेत. फलाटावरचा चहा आणि कटलेट यांना त्या थांब्याची चव आहे.

सोलनच्या पुढे रेल्वेचं एक स्टेशन येतं, त्याचं नावच ‘सोलन ब्रूअरी’. एडवर्ड डायर यानं १८५५च्या सुमारास कसौलीत ब्रूअरी काढली. छावणीतल्या गोऱ्या शिपायांना बिअर हवी होती आणि इंग्लंडहून ती यायला महिने लागत. थंड हवा कसौलीत होती, झऱ्याचं चांगलं पाणी सोलनला सापडलं, म्हणून बिअर तिकडे गेली आणि कसौलीत दारूची भट्टी राहिली. जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा जनरल डायर हा या एडवर्डचा मुलगा. १९४९ साली नरेंद्रनाथ मोहन यांनी कंपनी हाती घेतली, पुढे ती मोहन मीकिन झाली आणि ‘ओल्ड मंक’ रम घराघरांत पोचली. सोलनमध्ये खाण्यासाठी मागायची ती खुंबी, म्हणजे अळिंबी. १९९७ साली या गावाला ‘मशरूम सिटी’ जाहीर केलं. चंबाघाटला केंद्र सरकारची अळिंबी संशोधन संस्था आहे. खुंबीची भजी आणि लोणचं इथे सहज मिळतं.

सोलनहून धरमपूरपर्यंत परत या आणि गडखळमार्गे कसौली गाठा. १८४२ साली वसवलेली ही छावणी अजून छावणीच आहे. इथे १९०० साली रेबीजवर उपचार करणारी पाश्चर संस्था उघडली, १९०५ साली केंद्रीय संशोधन संस्था. लसींच्या या गावाची खाण्यातली ओळख मात्र साधी आहे : बाजारातला ‘बन-समोसा’. गोडसर बनपावात समोसा चेपलेला. वडापाववर पोसलेल्या माणसाला तो चुलतभाऊच वाटेल, फक्त लसणाची चटणी नसल्याची चुटपुट लागते. रात्री खालच्या मैदानात चंडीगड चमकतं, सुखनाच्या बंधाऱ्यावरून आपण पाहत होतो त्याच्या उलट बाजूनं. परतताना महामार्ग धरू नका. जंगेशूमार्गे थेट परवाणूला उतरणारा अरुंद, शांत रस्ता घ्या.

कधी जावं? बुरांशसाठी मार्च-एप्रिल, प्लमसाठी जून. जुलै-ऑगस्टमध्ये आंबा आणि अळू असतो, पण दरडीही कोसळतात. सफरचंद आणि स्वच्छ आकाश दोन्ही हवं असेल तर सप्टेंबर अखेर उत्तम. बाटल्या राज्याच्या सीमेपार नेण्यावर मर्यादा आहेत, म्हणून विकत घेताना दुकानात विचारून पावती ठेवा. रक्तात शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गाडी चालवणं गुन्हा आहे आणि या घाटात तीसपर्यंतही जाऊ नये. वाटेत हवं तेवढं खा, हवं तिथे थांबा. बाटली मात्र मुक्कामावर, गाडीची किल्ली खुंटीला टांगल्यावरच उघडा.