जुन्या चित्रफितीची नवी गती : फ्रेम आणि प्रक्षेप



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला व्याकरण शिकविले. तेव्हा मराठीचा हा निवृत्त प्राध्यापक आज व्याकरणावर किंवा संतसाहित्यावर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र चित्रफितीविषयी बोलणार आहे. तसे कारण घडले आहे. ते आधी सांगतो.

१९७४ साली आपल्या एका माजी विद्यार्थ्याने सुपर ८ जातीच्या कॅमेऱ्याने शाळेचे चित्रण केले होते. पन्नास फुटांची एकच फीत. तीत लेझीम आहे, कौलारू इमारत आहे आणि सुमारे अर्धा मिनिट आपले गुरुजी आहेत. फळ्यापुढे उभे राहून ते बोटांवर विभक्ती मोजून दाखवीत आहेत. फितीला आवाज नाही; पण ज्यांनी पुढच्या बाकावर बसून तो तास अनुभवला, त्यांना ओठांच्या हालचालीवरूनच प्रथमा, द्वितीया, तृतीया ऐकू येते. गुरुजींचे हलतेचालते चित्र म्हणून जगात एवढेच शिल्लक आहे.

गतवर्षी ही फीत संगणकावर उतरवून एका दुकानातून ‘गुळगुळीत’ करून आणण्यात आली. पहिल्यांदा पाहताना माझे डोळे भरून आले. दुसऱ्यांदा पाहताना मी दचकलो. तिसरे बोट उभे आहे आणि चौथे उघडते आहे, त्या दोहोंच्या मध्ये क्षणभर मेणासारखे वितळलेले काहीतरी दिसत होते. ते बोट नव्हते. फळ्याची सरळ कड गुरुजींच्या खांद्याबरोबर वाकत होती. त्यातच, नवी प्रत तयार झाली, आता जुने रीळ सांभाळून काय करायचे, असा विचार आपल्यापैकी काहींनी बोलून दाखविला. तो ऐकल्यापासून मी या विषयाच्या मागे लागलो. जाणकारांना विचारले, मिळेल ते वाचले. त्याचे सार आज आपल्यापुढे ठेवतो.

चलच्चित्रात चलन नसते, ही पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. फितीवर असतात त्या ओळीने मांडलेल्या स्थिर चौकटी, ज्यांना आपण फ्रेम म्हणतो. त्या वेगाने डोळ्यांपुढून गेल्या की हालचालीचा भास होतो. सुपर ८ फितीवर सर्वसाधारणपणे दर सेकंदाला १८ फ्रेम घेतल्या जात. पन्नास फुटांत ३६०० फ्रेम मावतात. म्हणजे आपली फीत २०० सेकंदांची, तीन मिनिटे वीस सेकंदांची आहे. बोलपटांची गती दर सेकंदाला २४ फ्रेम अशी ठरून गेली. आपल्याकडील दूरदर्शनची पद्धती २५ची, आणि आजचे अनेक पडदे दर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात. सगळा घोटाळा या न जुळणाऱ्या आकड्यांतून उद्भवतो.

मूकपटांच्या बाबतीत तर मूळ आकडाच निश्चित नसतो, कारण कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरविला जाई. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्याची लांबी सुमारे ३७०० फूट होती. ३५ मिलिमीटरच्या फितीत एका फुटात १६ फ्रेम असतात. दर सेकंदाला १६ फ्रेम या गतीने तो दाखविला तर तासाभराहून किंचित अधिक वेळ चालेल. २४च्या गतीने दाखविला तर सुमारे ४१ मिनिटांत संपेल. फीत तीच, पण राजाची चाल बदलते. जुन्या मूकपटांतील माणसे तुरुतुरु धावताना पाहून आपण हसतो, तो दोष त्या नटांचा नव्हे. आपण लावलेल्या गतीचा आहे. आपली शाळेची फीत २५च्या गतीने सोडली तर ती १४४ सेकंदांत संपते, आणि आयुष्यात कधीही घाई न केलेले गुरुजी घाईत असल्यासारखे दिसतात.

यावर सर्वांत जुना उपाय फ्रेम पुन्हा दाखविण्याचा. प्रक्षेपकाच्या झडपेला तीन पाती असली की १६ फ्रेमांची प्रत्येक फ्रेम तीनदा उजळते आणि पडदा सेकंदाला ४८ वेळा लखलखतो. २४ फ्रेमांना दोन पात्यांत तेच साधते. यात नवे काहीच रचले जात नाही. परंतु १८चे ६० करताना भागाकार नीट जात नाही. एक फ्रेम तीनदा, दुसरी तीनदा, तिसरी चारदा असा क्रम लावावा लागतो, आणि त्यामुळे चालणाऱ्या माणसाची चाल अडखळते.

दुसरा उपाय दोन फ्रेम एकमेकींत मिसळण्याचा. धक्का कमी होतो. पण हलणाऱ्या हाताच्या दोन फिकट सावल्या दिसू लागतात.

तिसरा उपाय आजचा. गणितातील ‘अंतर्वेशन’ हा शब्द त्याला नेमका लागू पडतो. पहिल्या फ्रेममधील प्रत्येक ठिपका दुसऱ्या फ्रेममध्ये कोठे गेला, याचा संगणक शोध घेतो, गतीचा एक नकाशा तयार करतो आणि मधल्या क्षणी तो ठिपका कोठे असावा याचे अनुमान करून नवी फ्रेम रचतो. १८चे ६० केल्यास आपल्या फितीच्या ३६०० फ्रेमांच्या १२००० होतात. वेळेचा हिशेब काटेकोर ठेवला तर दर सेकंदाच्या ६० फ्रेमांपैकी अवघ्या ६ मूळ फ्रेमांच्या क्षणाशी जुळतात. उरलेल्या ५४ अनुमानाने रचलेल्या असतात.

हे अनुमान चुकते कोठे? पहिले ठिकाण आडोशाचे. हात बाजूला सरला की मागचा फळा उघडा पडतो. आधीच्या फ्रेममध्ये तो भाग झाकलेला असल्याने त्याचा माग लागत नाही, आणि हाताची कड फळ्यात विरघळते. दुसरे ठिकाण एकसारख्या आकृतींचे. कौलांच्या ओळीतील कोणते कौल कोणते, याचा यंत्राला उलगडा होत नाही. मग छप्पर थरथरते. तिसरे फार वेगाचे : लेझमीचा हात एका फ्रेममध्ये वर आणि पुढच्या फ्रेममध्ये खाली असतो. चौथे पाणी, धूर आणि धूळ यांचे. फाळके यांच्या १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण पाण्यात झुंजतो, त्या उसळत्या पाण्याचा कोणता थेंब कोठे गेला, हे कोणते यंत्र सांगणार? पाचवे ठिकाण दृश्य बदलण्याचे : तेथे दोन असंबद्ध चित्रांच्या मधले चित्र मागणे हाच मुळी वेडेपणा.

हे कृतक दोष पूर्णपणे टाळता येत नसले, तरी पुष्कळ कमी करता येतात.

प्रथम फितीची खरी गती ठरवावी. कॅमेऱ्याची जात, माणसाची चाल, वरून पडणारी वस्तू यांवरून ती ताडता येते. नंतर फीत स्वच्छ करावी. धुळीचे कण, ओरखडे, चित्राचे डचमळणे आणि प्रकाशाची लुकलुक आधी काढावी, अन्यथा यंत्र ओरखड्यालाही हलणारी वस्तू समजते. पूर्वीच्या कोणा उतरवणाऱ्याने फ्रेम दुबार केल्या असतील तर त्या शोधून वगळाव्यात. नाहीतर यंत्राला गती थांबते आणि मग उडी घेते असे वाटते. दृश्य जेथे तुटते तेथे खूण करून प्रत्येक तुकडा स्वतंत्र घ्यावा.

मग हाव आवरावी. १८चे ३६ केले तर दर दुसरी फ्रेम मूळचीच राहते आणि दोन सत्यांच्या मध्ये एकच अनुमान येते. गतीचा नकाशा पुढून मागे आणि मागून पुढे असा दोन्ही दिशांनी काढावा. जेथे दोन्हींचा मेळ बसत नाही, तेथे अनुमानावर विश्वास न ठेवता मूळ फ्रेमच पुन्हा दाखवावी. शेवटी माणसाने एकेक फ्रेम डोळ्यांखालून घालावी. चेहरा, बोटे आणि अक्षरे येथे विशेष जागरूक राहावे.

अलीकडची यंत्रे असंख्य चित्रफिती पाहून शिकलेली असतात. त्यांचे काम कितीतरी सफाईदार असते. पीटर जॅक्सन यांनी पहिल्या महायुद्धातील जुने चित्रण २०१८ साली २४च्या गतीला आणले, तेव्हा ते सैनिक आपल्यासारखी माणसे वाटू लागले. हे या विद्येचे मोठेच देणे आहे. परंतु शिकलेले यंत्र बोट रचते ते हजारो बोटांवरून. चूक दिसेनाशी होते, म्हणून ती नाहीशी होते असे नाही.

येथे माझ्या विषयातील एक दाखला देण्याचा मोह आवरत नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतर आणि नकला यांमुळे शिरलेले अशुद्ध पाठ त्यांनी दूर केले, आणि अखेरीस यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. घालणाऱ्यांची ओवी वाईटच असे, असे नव्हे. पुष्कळदा ती गोड असे, आणि म्हणूनच ती ओळखणे कठीण जाई. ग्रंथात असल्या भरीला आपण प्रक्षेप म्हणतो. दोन फ्रेमांच्या मध्ये यंत्राने घातलेली फ्रेम हा चित्रफितीतील प्रक्षेप आहे. तो निषिद्ध नाही. पण त्याच्यावर खूण हवी, आणि मूळ पोथी शाबूत हवी.

आपल्या नंदगडला हे वेगळे सांगावयास नको. संगोळ्ळी रायण्णा यांना १८३१ साली येथे फाशी झाली, तेव्हा छायाचित्राची कला जगाला माहीतही नव्हती. त्यांची जी चित्रे आपण पूजतो ती कल्पनेची आहेत, हे आपण जाणतो, आणि त्यामुळे आपल्या भक्तीला उणेपणा येत नाही. गुरुजींच्या बाबतीत मात्र आपल्यापाशी खरे चित्र आहे. कल्पनेला त्याची जागा घेऊ देण्याचे काही कारण नाही.

म्हणून शाळेला माझी तीन मागण्यांची विनंती आहे. मूळ रीळ थंड, कोरड्या जागी जपावे. त्याची काहीही न बदललेली संगणकीय प्रत, सर्वच्या सर्व ३६०० फ्रेमांसह, निरनिराळ्या दोन ठिकाणी ठेवावी. आणि समारंभात दाखविण्यासाठी सुधारलेली प्रत अवश्य करावी, पण तिच्या आरंभी मूळ गती कोणती, नवी कोणती आणि काय भरले आहे, हे स्वच्छ लिहावे. घरी जुने चित्रपट पाहताना ते नाटकाच्या थेट चित्रणासारखे भासले, तर संचातील गती गुळगुळीत करणारी सोय बंद करून पाहा. फरक आपल्याच डोळ्यांना कळेल.

गुरुजी विभक्ती विचारीत तेव्हा एखादा मुलगा न येणारे उत्तर गुळमुळीत आवाजात पुढे रेटी. गुरुजी त्याला रागावत नसत. “येत नसेल तर थांब,” एवढेच म्हणत. त्या फितीत तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये काय घडले, ते कॅमेऱ्याने टिपलेले नाही. तेथे फीत किंचित अडखळते. तिला तसेच अडखळू द्यावे, असे मला वाटते.