शेवटच्या पैजेचा हिशेब

टेक्सस होल्डेम पोकरमध्ये वाईट पाने टाकून देता येतात आणि उत्तम पानांवर पैसे लावायला धीर लागत नाही. पेच असतो तो मधल्या पानांचा. हातात दोन पाने, टेबलावर उघडी पाच, त्यांतून जेमतेम एक जोडी जमलेली, आणि समोर प्रत्येक फेरीला चिप्स पुढे ढकलणारा खेळाडू. रिव्हरचे, म्हणजे पाचवे पान पडते आणि तो मोठी पैज लावतो. कॉल करायचा, म्हणजे तेवढेच पैसे भरायचे, की पाने टाकायची? अशा वेळी बहुतेक जण स्वतःलाच दोन गोष्टी विचारतात: माझी जोडी किती मोठी आहे आणि हा माणूस किती बेफाम खेळतो. माझ्या मते पहिल्या प्रश्नाला इथे जवळपास काहीच किंमत नाही आणि दुसऱ्याला आपण देतो त्याहून खूपच कमी आहे. निर्णय ठरतो तो कॉलच्या भावावर आणि त्या क्षणी समोरच्याच्या हातात असू शकणाऱ्या पानांच्या जोड्यांवर.

भाव आधी पाहू, कारण तो निर्विवाद आहे. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या रकमेत, 1000 रुपये आहेत आणि त्याने 1000 लावले, तर आपण 1000 देऊन 2000 मिळवू पाहतो. तीनांतून एकदा बरोबर ठरलो तरी नुकसान नाही. त्याने 500 च लावले तर चारांतून एकदा पुरते. 2000 लावले तर मात्र पाचांतून दोनदा बरोबर ठरावे लागते. म्हणजे ‘दहांतून सात वेळा याच्याकडे माझ्याहून चांगले पान असणार’ असा अंदाज अगदी खरा असला, तरी त्यातून पाने टाकण्याचा निर्णय आपोआप निघत नाही. अर्ध्या पॉटच्या पैजेला त्याच अंदाजावर कॉल करणे फायद्याचे आहे, पूर्ण पॉटच्या पैजेला थोडेसे तोट्याचे आणि दुप्पट पॉटला सरळ तोट्याचे. हरण्याची शक्यता जास्त असतानाही कॉल बरोबर असू शकतो, ही गोष्ट गळी उतरायला जड जाते आणि टेबलावर रोज पैसे जातात ते इथेच.

आता जोडीचा मोठेपणा. 2003 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत 839 खेळाडू होते आणि लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशूमध्ये शेवटी दोघे उरले: मुरलेला व्यावसायिक सॅमी फरहा आणि ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर. त्या लढतीतल्या एका डावात टेबलावर इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, मग इस्पिक अठ्ठी आणि शेवटी बदाम तिर्री अशी पाने पडली. फरहाकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी होती, म्हणजे नव्व्यांची जोडी, टेबलावरच्या पानांतून जमणारी सर्वांत वरची. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती. फ्लश, म्हणजे तीन पत्तीतला कलर, हुकलेला, सिक्वेन्सही हुकलेला. टर्नला, म्हणजे चौथ्या पानावर, त्याने फरहाची पैज वाढवली होती आणि रिव्हरला सगळ्या चिप्स पुढे केल्या. फरहाने बराच विचार करून पाने टाकली.

फरहाची जोडी ‘टॉप पेअर’ होती याने काय फरक पडला? खऱ्या पानांवर सर्वस्व लावणारा खेळाडू इथे फ्लश, सिक्वेन्स किंवा तीन सारखी पाने घेऊन येतो, आणि त्या सगळ्यांपुढे नव्व्यांची जोडी हरते. ती जिंकते फक्त ब्लफपुढे. ब्लफपुढे तर छक्क्यांची जोडीही जिंकली असती. रिव्हरच्या मोठ्या पैजेसमोर अशा सगळ्या मधल्या पानांची ताकद सारखीच होऊन जाते. फरक पडतो तो वेगळ्या कारणाने: आपल्या हातातले पान समोरच्याच्या हातात असू शकत नाही. टेबलावर तीन इस्पिक असताना उरतात दहा, आणि त्यांतून फ्लश पुरा करणाऱ्या दोन-दोन पानांच्या 45 जोड्या बनतात. फरहाच्या हातातल्या इस्पिक राणीमुळे त्या 36 वर येतात. एक पंचमांश भीती त्या एका पानाने कमी केली. पण तीच राणी, एकटी इस्पिक राणी धरून ब्लफ मारणाऱ्या हातांनाही बाद करते. फ्लशच्या आशेवर खेळणाऱ्यासाठी एकट्या मोठ्या इस्पिकांत एक्का आणि राजा तेवढे उरले, आणि मनीमेकरकडे नेमका राजा होता. तरीही या टेबलावर हुकलेले हात पुष्कळ होते, आणि टर्नची रेज ध्यानात घेऊनही मला तो कॉल करण्याजोगा वाटतो. ब्लफ निघाला म्हणून मी हे म्हणत नाही. एका डावाच्या निकालाने निर्णय चूक किंवा बरोबर ठरत नाही.

राहिला समोरच्याचा स्वभाव. ‘आक्रमक’ हे एकच विशेषण आपण चारही फेऱ्यांना लावतो, आणि गफलत तिथे होते. सुरुवातीला वाटेल त्या पानांवर रेज करणारा, फ्लॉपला, म्हणजे पहिल्या तीन उघड्या पानांवर, हमखास पैज लावणारा खेळाडू रिव्हरलाही तितकाच मोकळा हात ठेवील असे नाही. पहिल्या फेऱ्यांत ब्लफ स्वस्त असतो आणि पुढची पाने मदतीला येऊ शकतात; रिव्हरला पैज सर्वांत मोठी आणि मदतीला एकही पान नाही. पुष्कळ आक्रमक खेळाडू तिथे पैज न लावता गुपचूप चेक करतात. म्हणून फ्लॉप-टर्नला अशा माणसाला मधल्या जोडीने सोबत करावी, रिव्हरला मात्र त्याची रिव्हरचीच वागणूक आठवावी. ती आठवण आता आणखी तुटपुंजी झाली आहे. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली; आकडे जमवून देणारी सॉफ्टवेअर त्याबरोबर गेली. गोव्याच्या मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोतल्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात आणि त्यांतले रिव्हरपर्यंत जाऊन पाने उघडणारे मोजकेच. चार डाव जिंकलेल्या माणसावर ‘हा वेडा आहे’ असा शिक्का मारणे म्हणजे बहुधा आपल्या चिडीला पुरावा समजणे.

कोणी म्हणेल, टेबलावर बसून 36 आणि 45 कोण मोजतो? माणसाच्या चेहऱ्यावरून, हातावरून कळतेच की. गणपतीत रात्र रात्र तीन पत्ती खेळलेल्या माणसाला असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण तिथे सगळीच पाने झाकलेली असतात आणि चेहऱ्याखेरीज हाती काही नसते. होल्डेममध्ये पाच पाने उघडी आहेत. नेमका आकडा लागतच नाही. ‘कोणते हात हुकले आणि कोणते जमले’ एवढा प्रश्न विचारला तरी पारडे कुठे झुकते ते दिसते. टेबलावर हुकण्यासारखे काहीच नसेल, तर बेफाम माणसाकडेही ब्लफला हात कमीच उरतात.

याहून वजनदार आक्षेप सिद्धांताचा आहे. पॉटएवढ्या पैजेला निम्म्या वेळा टिकून राहिले नाही तर समोरचा कोणत्याही पानांवर ब्लफ मारून नफा कमावील, हे गणित खरे आहे. पॉटच्या कितीतरी पट पैजा लावणाऱ्या लिब्राटस या कार्नेगी मेलनच्या प्रोग्रॅमने जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्गला 1,20,000 डावांत चार व्यावसायिकांना हरवले. अशा प्रतिस्पर्ध्यापुढे हे प्रमाण पाळायलाच हवे. पण निम्म्याचा हा नियम आपल्याला लुबाडले जाऊ नये म्हणून आहे आणि समोरचा अचूक तोल सांभाळतो असे तो धरून चालतो. पॉटएवढ्या पैजेत ज्याचे ब्लफ तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जरी कमी असतील, त्याच्यापुढे ब्लफ पकडणारी जवळपास सगळी मधली पाने टाकणे बरोबर ठरते; थोडे जास्त असतील तर जवळपास सगळी कॉल करणे.

स्पर्धेत हा हिशेब आणखी कडक होतो. बक्षिसे अनेकांत वाटली जाणार असताना हरलेल्या चिप्स जिंकलेल्या चिप्सपेक्षा महाग पडतात, म्हणून तीनांतून एकदा हा भाव तिथे पुरत नाही. कधी निम्म्याच्या जवळ खात्री लागते. दोघेच उरले की ही अट गळून पडते. दुसरे बक्षीस दोघांचेही पक्के झालेले असते आणि चिप्सचा हिशेब पुन्हा सरळ पैशांचा होतो. 2003 मध्ये फरहाला अडवायला ती अट नव्हती.